झ्लाताचे तीन प्रकार आणि तिखोन

ती. फाइना मावशीस सादर नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत आणि युझाक वाऱ्याने या वेळी कोणाचं छप्पर नेलं, ते कळव. माझी प्रकृती ठीक. तुमच्या पेवेकच्या वीजकेंद्रात नेमणूक पक्की झाली; एक ऑगस्टला हजर व्हायचं आहे. मी तुझ्याकडे उतरणार, हे आईने कळवलं असेलच.

आता इथली हकीकत. माझ्या खोलीतल्या झ्लाताने वसतिगृहातल्या प्रेमिकांचे प्रकार पाडले आहेत. एक गिटारवाला, जो सामाईक स्वयंपाकघरात गातो आणि गाता गाता दुसऱ्यांचे बटाटे संपवतो. दुसरी आराखडेवाली; ती प्रियकराचे सगळे आराखडे काढून देते (पदवी त्याला मिळते, चष्मा हिला). आणि तिसरी सरदारीण. झारने बंडखोर सरदारांना सायबेरियात धाडलं तेव्हा त्यांच्या बायका मागोमाग गेल्या, तशी अजूनही एखादी मुलगी उत्तरेला निघालेल्या मुलामागे सगळं सोडून जाते आणि अख्खा मजला तिच्यासाठी रडतो. (तूही त्यातलीच, असं आई म्हणते.) मी यात कुठेच बसत नव्हते, म्हणून निवांत होते.

भाषा विभागातला तिखोन दोन वर्षं माझ्याबरोबर चहा पितो. (एवढंच.) त्याला नेमणुकीचं सांगून निरोपही त्याच बैठकीत आटपावा, असा माझा बेत होता. तो म्हणाला, पेवेकच्या शाळेला त्याने अर्ज धाडलाय. मी थंडीचे, वाऱ्याचे, सूर्याविना जाणाऱ्या दिवसांचे आकडे सांगितले. त्याने ते वहीत उतरवून घेतले. झ्लाताचं मत पडलं की मुलगे असे जात नसतात, लोक हसतील. लोक हसलेच. स्वयंपाकघरात पोरांनी त्याच्या डोक्याला रुमाल बांधला आणि विचारलं, "काय सरदारीणबाई, कधी निघणार?"

"तिकीट मिळालं की," तो म्हणाला. रुमाल तसाच ठेवून माझ्याकडे वळला. "तू नको म्हण, मी थांबतो. पण वाऱ्याचं कारण देऊ नकोस. तुझं स्वतःचं सांग."

मी किटली घासायला घेतली. ती स्वच्छ होती.

पूर्ण विचाराअंती त्याला नकार द्यायचं मी ठरवलं आहे. कारणं तीन आहेत; पत्र लांबेल म्हणून देत नाही.

तुझी,
आग्निया

ता. क. तू निघालीस तेव्हा काका तुला नको म्हणाले होते का? नेमके शब्द कळव.

ता. क. २. नकार अजून दिलेला नाही.

ता. क. ३. आणखी एक खाट बघून ठेव, किमान दोन मीटर लांब. तिखोन एक मीटर ब्याण्णव आहे. काल दाराच्या चौकटीला उभं करून मोजला. कशाला मोजतेस, असं त्याने विचारलं नाही.