हिचं कपाट आणि इस्पितळाचे खांब

२ जानेवारी
रोजनिशी सुरू. मोजकं लिहायचं, खरं लिहायचं. संकल्प दोन. इस्पितळाला या वेळी मुदतवाढ नाही म्हणजे नाही. आणि हिचं लोखंडी कपाट ब्रॅकेट लावून भिंतीला पक्कं करायचं. भूकंपात घरातलं कपाटही जीव घेतं, हे इमारत सुरक्षा खात्याच्या प्रत्येक प्रशिक्षणात मीच सांगतो. पत्रकही मीच लिहिलंय. ड्रिल घरात आहे. रविवारी उरकतो.

९ जानेवारी
इस्पितळाची पाहणी. तळमजल्यावर नुसते खांब, मधे गाड्या, वर प्रसूती विभाग. जोराचा धक्का बसला तर पत्त्यांचा बंगला. खांब मजबूत करा म्हणून कायदा झाला. पहिली मुदत गेली, दुसरी गेली. अधीक्षकांनी दर वेळी भेगांत पुट्टी भरली आणि रंग मारला. सध्या पिस्ता रंग आहे. मी त्यांना पुट्टीडॉक्टर म्हणतो. मनात.
चहा पाजताना म्हणाले, साहेब, एवढी वर्षं उभी आहे, आणखी दोन वर्षांत काय आभाळ कोसळतंय? मी निषेध म्हणून दुसऱ्या बिस्किटाला हात लावला नाही. ते हादरले असणार.दुसऱ्या बिस्किटाला हात लावला नाही.
ही गेली तो वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. तिकडे गेलो नाही. खांब खालचे तेच.

रविवार
ड्रिल सापडलं. पातं नाही. अशा देशात काम कसं होणार?

२१ जानेवारी
लेकीचा फोन. बाळंतपणाला एप्रिलमध्ये इकडेच येते म्हणाली. आईच्या वेळच्या सिस्टर अजून इस्पितळात आहेत, त्यांचा आधार वाटतो. घरी आल्यावर बाळाला घेऊन कपाटाच्या खोलीत झोपेल. कपाट भिंतीला लावलं का, विचारत होती. झालंच म्हण, म्हटलं. तर म्हणते, बाबा, झालं की झालंच? हा तिरकसपणा आईकडून आलाय.

४ फेब्रुवारी
मेव्हणा पातं घेऊन हजर. भावोजी, अर्ध्या तासाचं काम, म्हणाला. फक्त कपाट रिकामं करून सरकवायचं, ताईचे कपडे मी काढतो. मी म्हटलं, आधी भिंतीची तपासणी व्हायला हवी. तो म्हणाला, भिंतीची की तुमची? उतावळा माणूस. चहा घेऊन गेला. पातं विसरला.

१९ फेब्रुवारी
परवा सुनावणी. कपाटाच्या आरशासमोर भाषणाचा सराव केला. ‘रुग्णांच्या जिवाशी खेळणाऱ्यांना दयामाया नाही!’ आवाज इतका चढला की कपाटाचं दार खडखडलं. पुट्टीडॉक्टरांची धडगत नाही.

२१ फेब्रुवारी
सुनावणी झाली. पुट्टीडॉक्टर रडवेले होऊन म्हणाले, मुदतवाढ नाकारलीत तर प्रसूती विभागाला उद्या कुलूप, बायकांनी डोंगर ओलांडून जायचं का? ढोंगी. मोठ्या साहेबांनी माझं मत विचारलं. साहेबांना मत म्हणजे नुसती मान लागते. लेक डोळ्यांसमोर आली. मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या… पुढचं साहेबांनीच पूर्ण केलं. दोन वर्षं.
पण मी खमका राहिलो. आदेशात ‘ही मुदतवाढ शेवटची’ असं घालायला लावलं. शेवटची तर मागच्या दोन्हीही होत्या. पण त्यांच्याखाली रेघ नव्हती. मी दोन मारल्या.

१५ मार्च
लेकीचा फोन. इकडे येत नाही. बाळंतपण सासरीच करणार. मी म्हटलं, अगं, विभाग चालू राहावा म्हणून मी काय काय केलं! तिने विचारलं, बाबा, इमारत सुरक्षित आहे का? मी सांगितलं, मुदतवाढ मिळालीये. म्हणाली, मी ते नाही विचारलं.
मग कपाटाचं विचारलं. मी सांगितलं, पातं मिळालंय. म्हणाली, सासूबाईंनी घरातली सगळी कपाटं भिंतीला पक्की करून घेतली. कुणीतरी पत्रक वाचायला दिलं होतं म्हणे.
कुणाचं पत्रक, ते मी विचारलं नाही.

११ एप्रिल
नात झाली. दोघी सुखरूप. फोनवर पाहिली. हनुवटी हिची.
इस्पितळावरून आलो. खांबांना रंग चालू आहे. या खेपेला बदामी. पुट्टीडॉक्टरांनी लांबूनच हात हलवला. निर्लज्ज माणूस. मीही हलवला.
घरी येऊन कपाट उघडलं. आज रिकामं करायचंच, असं ठरवलं होतं. वरच्या कप्प्यात राखाडी स्वेटर, घडी हिनेच घातलेली. बंद केलं.
तशी आता घाई नाही. त्या खोलीत कोणी झोपणार नाही.
मी झोपतो, तेवढंच.