शांतीच्या कॉम्प्युटरची राहिलेली फाइल

रामवाडी, पेण
३ फेब्रुवारी २०२५

चि. दिपिकास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या बहिणीची नजर जाऊन दोन वर्षं होतील. परवा अंधांसाठीच्या शिबिरात तिला एक प्रोग्रॅम मिळाला. दाबलेलं प्रत्येक अक्षर तो मराठीत बोलून दाखवतो. येताना रिक्षात शांतीच एकटी बोलत होती. घरी लावला तर पडद्यावर आलं, रनटाइम नावाची फाइल नाही. तिच्याशिवाय प्रोग्रॅम उघडतच नाही. फाइल मोठी आणि आमचं नेट रखडत चालणारं. तीनदा निम्म्यावर तुटलं, दर वेळी पुन्हा पहिल्यापासून. शांती म्हणाली, नाय जमायचं, झाकून ठेवा तो कॉम्प्युटर. तुमच्या वरसेत नेट चांगलं आहे. सोबतच्या पेनड्राइव्हवर फाइल उतरवून पाठव. लोभ आहेच, या वेळी जरा घाईने असू दे.

तुझा भावजी,
सुशील


वरसे, रोहा
७ फेब्रुवारी

ती. भावजींस दिपिकाचा सा. न. वि. वि.

फाइल चार मिनिटांत उतरली, तुमचं अक्षर लावायला जास्त वेळ लागला! तिचे दोन प्रकार असतात, चौसष्ट बिट आणि बत्तीस बिट. तुमचा कॉम्प्युटर कोणता ते विचारलं तर अंदाजाने सांगाल, म्हणून दोन्ही भरल्यात. आधी चौसष्टची टाका, नाही घेतली तर बत्तीसची. मग कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा. ताईने पुन्हा झाकून ठेवायचं नाव काढलं तर मी शिफ्ट सोडून पेणला येईन, असं सांगा. माया आहे तशीच ठेवा.

आपली,
दिपिका


रामवाडी, पेण
१२ फेब्रुवारी

चि. दिपे, पोटभर आशीर्वाद.

हे मी टाइप करतेय. मी, शांती. पहिली फाइल घेतली नाही, दुसरी घेतली, तरी सगळं गप्पच. मी उठायला निघाले होते. ह्यांनी तुझं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, बंद करून चालू करायचं राहिलंय. केलं, आणि एक बाई बोलली. मी ‘द’ दाबला, ती ‘द’ म्हणाली. तुझं अख्खं नाव तिच्याकडून म्हणून घेतलं. हे रडले, मी नाय.

दोन वर्षं मी सांगायची आणि हे लिहायचे. आज ह्यांनी कबूल केलं, की तुला काळजी नको म्हणून माझ्या प्रत्येक पत्रात एक वाक्य हे आपल्या मनाने घालायचे. मी ते एकदाही सांगितलं नव्हतं. आज माझ्या हाताने लिहिते.

मी मजेत आहे.

तुझी ताई