भाऊंच्या नावाचा मेल

मंगळवार, संध्याकाळ. गेवराई.

नुसती किळस आलीय. आपल्या फ्लेक्सच्या दुकानात दिवसभर मेलवर फोटो येतात, वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे. आज एक आला, आमच्या इथल्या पुढाऱ्यांचा, ‘भाऊंचा नवीन फोटो’. पाठवणारा अनोळखी आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘ईएक्सई’. मी दिराला, संतोषला, म्हटलं, “फोटोच्या शेवटी ईएक्सई कावून असंल? हा फोटो न्हाई, प्रोग्रॅम हाय, व्हायरस असंल. उघडू नको, आधी फोन करून विचार.”

“वैनी, भाऊंचा फोटो हाय! असं इचारलं तर कार्यकर्ते म्हणतील, भाऊंवर इश्वास न्हाई का?” आणि उघडला.

झालं. कॉम्प्युटर लॉक. इतक्या वर्षांची सगळी डिझाइन्स गेली. माझी!

संध्याकाळी भाऊंचा माणूस बॅनर न्यायला आला. मेल त्यांचा नव्हताच. सगळं ऐकून म्हणतो कसा, “भाऊंचं नाव बघून लगेच उघडलं ना? लई बरं वाटंल भाऊंना.” आणि आमचा संतोष चक्क लाजून हसला!

त्या हसण्याची शिसारी जात नाहीये. ईएक्सई त्याला दिसलं नव्हतं का? दिसलं असणारच. पण नावाच्या सुरुवातीला भाऊ असले की इथं शेवट कोण वाचतंय?