तुम्ही सोडलेला पाठलाग

बाबा, आज कंपनीच्या बसमधून इथे सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला, कारखान्यात जाताना तुमचा नववीचा वर्ग आठवला. मी तिसऱ्या बाकावर. तुम्ही अमेरिकेतलं यादवी युद्ध शिकवताय. हरलेलं सैन्य मागे हटतंय, पुढ्यात नदीला पूर, पूल नाही. आणि जिंकलेला सेनापती सल्लामसलत करत बसलाय. पाणी उतरतं, सैन्य पार होतं, युद्ध आणखी जवळपास दोन वर्षं चालतं. "तेव्हाच गाठायला हवं होतं!" म्हणत तुम्ही टेबलावर मूठ आपटता.

आणि स्वतः काय केलंत? सहकाऱ्याने तुमच्यावर पेपर फोडल्याचा आळ घेतला, चौकशीत तो खोटा ठरला. संस्थेने विचारलं, कारवाई करायची का? "जाऊ द्या, तो राजीनामा देतोच आहे," म्हणालात. तीन वर्षांनी तोच मुख्याध्यापक होऊन परत आला. तुमच्याकडून इतिहास काढून घेतला, ग्रंथालयात बसवलं. का सोडलंत त्याला, असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, "दमलो होतो गं. जिंकल्यावर माणूस दमतो." निवृत्तीआधीच तुम्ही गेलात. त्याच्याइतकाच राग मला तुमचाही येत राहिला.

इथला माझा वरिष्ठ आपल्या पुण्याचाच. गणपतीत त्याच्या घरी जेवलेय मी. व्हॉल्व्ह गळतोय असं मी लेखी कळवलं होतं. त्याने ते दाबून ठेवलं. दोन कामगार भाजले, तेव्हा म्हणाला, हिने सांगितलंच नव्हतं. चौकशीत माझा मेल सापडला. त्याने राजीनामा दिला, बेटावरच दुसरी नोकरी मिळवली. एचआरची बाई म्हणाली, "लेट इट गो लाह, ही इज गोइंग ऑलरेडी."

मी सोडलं नाही. चौकशीचा निकाल लेखी मागून घेतला, सरकारी खात्याकडे तक्रार केली. त्याची नवी नोकरी हुकली, मग इथे राहून काम करायचा पासही गेला. काल त्याच्या बायकोचा फोन आला.

"अगं, मुलीची परीक्षा दोन महिन्यांवर आलीय. तेवढी तक्रार मागे घे ना."

"नाही, वहिनी."

"तो हरलाय गं. आणखी काय हवंय तुला?"

"भाजलेले दोघं अजून हॉस्पिटलमध्ये आहेत," मी म्हणाले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच खरं लिहिते. त्या दोघांचं नाव मी फक्त तोंडाने घेतलं; मनात ते नव्हतेच. ती रडत होती आणि मी ऐकत होते, मध्ये न बोलता, शेवटपर्यंत. फोन ठेवला आणि मला कडकडून भूक लागली. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर जाऊन मी पोटभर जेवले, बाबा.