खोलीप्रमाणे भुलीचा दर

बाबा, आईचं ऑपरेशन झालं. पित्ताशयातले खडे काढले. आणि तुम्हाला मुद्दाम कळवते, तिला मी जनरल वार्डात ठेवलं.

तुम्ही ठेवलं नसतंत. तिची गर्भपिशवी काढायची होती तेव्हा काउंटरवरच्या माणसाने माझ्यादेखत तुम्हाला सांगितलं होतं, "सर, बेहोशी का चार्ज रूम के हिसाब से लगता है." वेगळी खोली घेतली की सर्जनची फी वाढते, भूल देणाऱ्या डॉक्टरांची वाढते, थिएटरचं भाडंही वाढतं. औषध तेच, झोप तीच. मी तुमची बाही ओढली. तुम्ही रेल्वेचे बाबू, मान ताठ करून म्हणालात, "मले चार लोकं भेटायले येतीन. त्यायले काय वार्डात बसवू?" ऋण काढून सण केलात, आणि माझ्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसेही त्यातच गेले. आज मी नवा रायपुरात फायली सरकवते. नर्सचा गणवेश दिसला की अजून तुमची ती ताठ मान आठवते. तुम्ही गेलात त्या दिवशीही मी तुम्हाला माफ केलं नव्हतं.

म्हणून या वेळी समता कॉलोनीतल्या दवाखान्यात मी काउंटरवरच्या मुलीला भंडावून सोडलं. भूल देणारे डॉक्टर इथलेच की बाहेरून येणारे, त्यांची फी पॅकेजात की वेगळी, विमा किती देणार, खिशातून किती जाणार. "इतना कोई नहीं पूछता, दीदी," ती म्हणाली. वार्डात सगळं विम्यात बसत होतं. खोली घेतली तर वरचं सगळं आपलं. पैसे होते माझ्याकडे, बाबा. मला तुम्हाला हरवायचं होतं. पुरानी बस्तीतून आत्या आली, पलंगाच्या कडेवर टेकून तिने नाक मुरडलं, म्हणाली, भाऊ असता तर असं झालं नसतं. मी तिला सगळा हिशेब ऐकवला, शेजारच्या पलंगांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. फार बरं वाटलं.

आत्या गेली. आई तोंडावर पदर ओढून पडली होती. बाजूच्या बाईला बघायला अख्खा पारा, सगळा मोहल्लाच, लोटला होता. दुखतं का, म्हणून मी विचारलं, तर पदराआडून म्हणाली, "त्या बखती खोली मीच मागतली होती. जन्मात एकदा दार लावून झोपायचं होतं मले. तुह्या बाबाले म्हटलं, पोट्टीले सांगू नका."

"काहून?"

"तुहे पैसे होते ना ते."

म्हणजे ती चार लोकं तुम्ही उभ्याउभ्या रचली होतीत. तेव्हा भेटायला कोणीच आलं नव्हतं, हे मला आत्ता आठवतंय. इतकी वर्षं माझं टाकून बोलणं ऐकून घेतलंत, पण तोंड उघडलं नाहीत. याचाही मला रागच येतो. आयुष्यभर जपलेला माझा सूड तुमच्यापर्यंत पोचलाच नाही, आईच्याच अंगावर जाऊन पडला.

संध्याकाळी तिला खोलीत हलवलं. भूल कधीच उतरली होती, तरी तिचा दर खोलीप्रमाणे वाढला. आत्याचा फोन आला, आता खोली कशाला म्हणून. हे पत्र कुठे टाकायचं नाही, कोणी वाचणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी म्हटलं, "मले चार लोकं भेटायले येतीन."

आईने दार लावायला सांगितलं. ते लावून मी बाहेर बाकावर बसले आहे. अजून कोणी आलेलं नाही.