केळ्यावरची बेराखा

सेम्बावांग, सिंगापूर
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

प्रिय दानीदादा,

शालोम. तू, वहिनी आणि मुलं तिकडे इस्रायलात, अश्दोदला सुखरूप असाल. आई, नाओमी आणि मी, तिघी बऱ्या आहोत. नाओमीच्या बाबाचं, इमॅन्युएलचं जहाज अजून महिनाभर समुद्रावरच आहे. नाओमीची परीक्षा झाली, गणिताबद्दल ती काही बोलत नाही, तेव्हा मीही विचारत नाही.

कागदावर लिहितेय म्हणून दचकू नकोस. परवापासून किती वेळा फोन उचलला आणि ठेवला. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही.

आधी मिरियमबद्दल सांगते. न्यूयॉर्कची म्हातारी, मुलाच्या नोकरीमुळे इथे आलेली. सिनेगॉगमध्ये भेटली तेव्हापासून दर गुरुवारी कोंबडीचं सूप घेऊन येते. तिच्या बोलण्यात निम्मे शब्द यिडिश. दार उघडलं की "नू?" एवढंच विचारते. त्या एका शब्दात आई कशी आहे, तू जेवलीस का, रडलीस का, सगळं येतं. नाओमीचं कौतुक केलं की लगेच "पू पू पू, केनाहोरा" करून थुंकल्यासारखं करते. म्हणजे आपली दृष्ट काढणंच, फक्त मीठ-मोहऱ्यांशिवाय. ती सिनेगॉगला शूल म्हणते, आपली आई मशीद म्हणायची. आई बोलत असती तर दोघींची खूप जुंपली असती, आणि खूप जमलंही असतं.

आई बोलत असती तर. गेल्या शावुओतच्या सणानंतर आईला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून या घरातली निम्मी वाक्यं अशीच सुरू होतात.

तुला माहीत आहे, तिची प्रार्थना गेली नव्हती. शुक्रवारी मी दिवे लावले की ती त्यांच्यावरची बेराखा, देवाचे आभार मानणारी ती ओळ, पूर्ण म्हणायची, एक अक्षर न चुकता. रोजची शेमा प्रार्थनाही म्हणायची. मनुकांच्या सरबताचा पेला हातात दिला की त्याच्यावरची प्रार्थना, किद्दूश सुरू. पण तहान लागली तर पाणी मागता यायचं नाही. तिला पुन्हा बोलायला शिकवायला येणाऱ्या मिस टॅन सांगायच्या की पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं, ते राहतं. मनातलं बोलणं हे वेगळं, ते येईलच असं नाही.

तू तेच तुझ्या भाषेत म्हणालास. "ती टेप आहे, याएल. आत कोणी नाही."

त्यानंतर मी तुझ्याशी महिनाभर बोलले नाही. पण दादा, रात्रंदिवस ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. म्हणूनच अश्दोदच्या त्या वृद्धाश्रमातल्या जागेला मी शेवटी हो म्हटलं. तिथे तिच्या बहिणी आहेत, मराठी बोलणाऱ्या नर्स आहेत, तुझं सगळंच म्हणणं बरोबर होतं. पुरिमच्या सणाआधी मी तिला घेऊन येणार होते. बॅग भरून दाराशी ठेवली होती.

परवा रविवारी संध्याकाळी ‘तू बिश्वात’, आपला झाडांचा सण लागला, म्हणून मलिदा केला. तुला फोटो पाठवला तेव्हा तू लिहिलंस, "नवस कसला?" मी उत्तर दिलं नाही. नवस नव्हता. तो आईच्या निरोपाचा मलिदा होता.

पोहे भिजवले, वरच्या मजल्यावरच्या सुचित्राने नारळ खवून दिला. साखर, वेलची, वर फळं रचली. हदससाठी, म्हणजे वास घेऊन बेराखा म्हणायला, सब्जा मिळाला नाही, म्हणून सुचित्राच्या कुंडीतली तुळस आणली. ज्याच्या नावाने मलिदा करतो त्या एलियाहू हन्नाबीने एवढं चालवून घेतलं असावं. मिरियम आली, ताटाकडे बघून म्हणाली, "पोह्यांवर प्रार्थना? चाळीस वर्षं शूलमध्ये जातेय, हे कधी पाहिलं नाही." नाओमी म्हणाली, "वेट लाह आंटी, खायलाही मिळणार."

बाबा गेल्यापासून बेराखा आईच म्हणायची. आता माझ्यावर आली. एलियाहूचं गाणं झालं, आईनेही म्हटलं, सुरात, नेहमीसारखं टेपसारखं. माझी नजर दाराशी ठेवलेल्या बॅगेवर गेली. डोळे भरले होते. ताटातून खजूर उचलायचा होता, हाती केळं आलं. ते हातात धरून मी म्हणू लागले, "बोरे पेरी हाएत्स..."

"अदामा."

मी थांबले. वाटलं, नाओमी बोलली.

आईने डाव्या हाताने ताटाच्या कडेवर टकटक केलं. रेवदंड्याला ओटीवर आपल्या डोक्यावर करायची तशी. "अदामा गं. केळं."

तुला आठवतं? तूच दर वेळी चुकायचास. परसातल्या केळीसमोर उभं करून ती सांगायची, आंब्याला दर वर्षी त्याच फांदीला आंबे येतात, ते झाड, त्याची बेराखा एत्सची. केळीला एकदा घड आला की ती कापायची, पुन्हा मातीतून नवी येते. म्हणून केळं मातीचं, अदामाचं. तू म्हणायचास, "पण दिसतं तर झाडच", आणि टपली खायचास.

 मग नाओमी म्हणाली, "मम्मी, आजी स्कोल्ड यू लाह." मिरियमने माझा दंड धरला. "तिने पाठ म्हटलं नाही. तिने तुझी चूक काढली." आणि लगेच, "पू पू पू, केनाहोरा." मी हसत होते की रडत होते मला सांगता येणार नाही. केळं खाली ठेवलं, खजूर उचलला, आईकडे बघितलं. तिने मान हलवली. तेव्हाच मी पुढे म्हटलं.

काल मिस टॅन आल्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं, मग त्यांनी आईसमोर एकेक वस्तू ठेवली. सफरचंद. "एत्स." शेंगदाणे. "अदामा." मग त्यांनी स्वतःचा पेन ठेवला. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की दादा, तुला ती नजर माहीत आहे. मिस टॅन हसल्या, म्हणाल्या, ही पाठांतर करत नाही, ही उत्तरं देते. आता काम सुरू होईल. हळूहळू होईल, पण होईल.

त्या गेल्यावर आईने दाराकडे बोट केलं. "बॅग. कोण?"

 बॅग आत नेली, तिच्यासमोर उघडली आणि तिची लुगडी एकेक करून कपाटात ठेवली. ती शेवटपर्यंत बघत होती.

अश्दोदची जागा सोडून दे. ती दुसऱ्या कुणाला तरी हवी असेल.

आणि एक. कपाट बंद केल्यावर तिने माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या आपल्या सगळ्यांच्या फोटोकडे बघून विचारलं, "दान्या?" आठ महिने तिला भरवलं मी, आणि नाव घेतलं तुझं. मला राग यायला हवा होता, आला नाही. मी फक्त म्हटलं, "येतोय."

तेव्हा पेसाखच्या सणाला ये. तिकीट काढ, वहिनीला विचारत बसू नकोस, ती हो म्हणेल. आल्या आल्या आई तुझ्या हातात केळं देणार आहे. विमानात पाठ करून ये.

तुझी वाट बघणाऱ्या दोघींपैकी धाकटी,
याएल