अल्काझारची आग

सर्वण, डिचोली

प्रिय प्रज्योत,

गाईडच्या परीक्षेसाठी तू स्पेनमधल्या सेगोव्हियाच्या राजकिल्ल्याचा, अल्काझारचा इतिहास मागितलास. निवृत्त इतिहास-शिक्षकाला याहून मोठा आनंद कोणता? क्रमाने सांगतो. दोन नद्यांच्या संगमावर जहाजाच्या टोकासारखा पुढे आलेला तो खडक. बाराव्या शतकातल्या कागदांत तिथल्या किल्ल्याचा उल्लेख सापडतो. पुढे कास्तीलच्या राजांनी त्याचा राजवाडा केला. १४७४ मध्ये इसाबेला तिथूनच बाहेर पडली आणि गावाच्या चौकात राणी म्हणून घोषित झाली. दुसऱ्या फिलिपने दरबार माद्रिदला नेला, पण इथे काळ्या पाटीच्या दगडाची टोकदार छपरं चढवली. नंतर राजांच्या दालनांत कैदी राहिले. नुसत्या तारखा पाठ करू नकोस. कोण आलं आणि कोण सोडून गेलं, ते ध्यानात ठेव.

इकडे सगळं ठीक आहे, असं फोनवर सांगत आलो. ते खरं नाही. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात झालेला माझा जन्म लिस्बनच्या दप्तरात नोंदवून तू पोर्तुगीज पासपोर्ट काढलास, त्याला सहा वर्षं झाली. त्याच नोंदीवरून आता मला नोटीस आली आहे: आपण भारतीय नागरिक कसे, ते सिद्ध करा. तुझ्या आजोबांनी, बाबुरावांनी, पोर्तुगिजांच्या आग्वाद किल्ल्यात अडीच वर्षं कैद भोगली. परवा भर बाजारात शेजारचा मधुकर म्हणाला, "मास्तर, तुमी आतां पुर्तुगेज! बाबुराव वयर सर्गार हांसत आसतले." मी भाजी न घेताच परतलो.

राहिली आग. अठराव्या शतकात किल्ल्यात तोफखान्याची शाळा आली आणि १८६२ मध्ये छपरं जळाली. शाळा माद्रिदला हलावी म्हणून विद्यार्थ्यांनीच ती पेटवली, अशी वदंता आहे. पुरावा नाही; म्हणून उत्तरात 'वदंता' हा शब्द गाळू नकोस. वीस वर्षांनी जुन्या चित्रांवरून दुरुस्ती सुरू झाली. पर्यटक आज पाहतात त्यातलं बरंचसं नंतरचं आहे.

सोमवारी माझी सुनावणी आहे. वकिलांचं म्हणणं, जन्मनोंदीच्या अर्जावर मुलाने फसवून सही घेतली असं त्यानेच लिहून दिलं, तर मी सुटेन. तुझी बहीण सिद्धी ते पत्र तुझ्याकडे मागेल, रडेलही. देऊ नकोस. गोवामुक्तीपूर्वी चार इयत्ता मी पोर्तुगीजमधूनच शिकलो. सही करण्याआधी त्या अर्जाचा शब्दन् शब्द वाचला होता. तुला इथून निघायचं होतं, आणि तुला अडवणारा बाप मला व्हायचं नव्हतं. इथे वदंतेला जागा नाही, प्रज्योत. आग मीच लावली.

तुझाच, अजून सर्वणचाच,
बाबा